त्सुंदेरे म्हणजे नुसती चिडकी नायिका का?

प्रश्न: अ‍ॅनिमेत (जपानी अ‍ॅनिमेशनमध्ये) ओरडणाऱ्या, हात उगारणाऱ्या प्रत्येक नायिकेला त्सुंदेरे म्हणतात. बरोबर आहे का?

उत्तर १: अजिबात नाही. हा शब्द दोन जपानी शब्दांतून बनलाय: 'त्सुनत्सुन' म्हणजे फटकून वागणं, 'देरेदेरे' म्हणजे प्रेमानं विरघळणं. दुसरा भाग दिसलाच नाही, तर पात्र फक्त तापट. वरून अबोल, थंड पण आतून प्रेमळ असेल तर ती कूदेरे.

उत्तर २: मूळ अर्थात काळ महत्त्वाचा: आधी तुसडी, मग कथेबरोबर हळूहळू मऊ. 'तोरादोरा!' या अ‍ॅनिमे मालिकेतली (२००८) नायिका ताइगा अशीच. पुढे 'चारचौघांत तुसडी, एकांतात प्रेमळ' हा अर्थही रुळला. वाद होतात ते दोन्ही अर्थ एकत्र केल्यामुळे.

उत्तर १: मान्य. पण 'इव्हँगेलियन' या अ‍ॅनिमे मालिकेतल्या (१९९५) असुकाला हे लेबल लावणं मला पटत नाही. तिचा राग प्रेम लपवत नाही, एकटं पडण्याची भीती झाकतो.