नवा गेमिंग संगणक आत्ता घ्यावा की थांबावे? आणि ‘पुढे अपग्रेड करू’ या हिशेबाला किती किंमत द्यावी?

सावकाश (धागाकर्ता)

माझा संगणक २०१७ सालचा आहे. चार कोअरचा सातव्या पिढीचा आय७ प्रोसेसर, सहा जीबीचे जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड आणि १६ जीबी डीडीआर४ रॅम, एवढ्यावर मी १०८०पी मॉनिटरसमोर इतकी वर्षे समाधानाने काढली. मात्र १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित अपडेट थांबले, माझा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही, आणि मे २०२५ मध्ये आलेला ‘डूम: द डार्क एजेस’ हा गेम रे ट्रेसिंगची (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून उजेड-सावल्या रेखाटण्याची) सोय नसलेल्या कार्डावर चालतच नाही. बदल करायचा हे आता ठरले आहे. प्रश्न केव्हा आणि कशा क्रमाने, एवढाच आहे.

माझा बेत असा की एएम५ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसतो ती मदरबोर्डावरची जागा; एएम५ हे एएमडी कंपनीच्या प्रोसेसरांसाठीचे) चांगल्यापैकी महाग मदरबोर्ड, १००० वॉटचा पॉवर सप्लाय आणि ऐसपैस कॅबिनेट आत्ता घ्यावे. प्रोसेसर आणि कार्ड मात्र तूर्त साधे घेऊन दोन-तीन वर्षांनी बदलावे. माझ्या एका मित्राच्या मते रॅमचे भाव उतरेपर्यंत आणि कार्डांची नवी पिढी येईपर्यंत कशालाच हात लावू नये. विरोधी मते अवश्य मांडावीत, फक्त कारणांसहित मांडावीत.

हिशेबी

आपल्या बेताशी मी पूर्णपणे असहमत आहे. जे आज वापरणार नाही त्याचे पैसे आज मोजायचे, आणि ज्यावर रोज खेळायचे आहे ते मात्र साधे घ्यायचे, हा व्यवहार उलटा आहे. महाग मदरबोर्डामुळे गेममध्ये एकही फ्रेम वाढत नाही. प्रोसेसर बदलण्याची खरोखर गरज भासते तोपर्यंत बहुधा सॉकेटही बदललेले असते आणि रॅमचा प्रकारही. इंटेलचे उदाहरण घ्या: ऑक्टोबर २०१७ मध्ये आठव्या पिढीचे प्रोसेसर आले तेव्हा पिनांची संख्या तीच, म्हणजे ११५१, होती, तरीही ते आधीच्या मदरबोर्डांवर चालत नव्हते. इंटेलच्याच एलजीए १७०० या सॉकेटला २०२१ ते २०२३ अशा तीन पिढ्या लाभल्या खऱ्या, पण त्यांतली तिसरी दुसरीपेक्षा फारशी वेगळी नव्हती, आणि २०२४ मध्ये सॉकेट बदललेच.

त्यापेक्षा पाच वर्षे पुरेल असा समतोल संच एकदाच घ्यावा, आणि त्याचे दिवस भरले की तो अखंड विकून नवा घ्यावा. अखंड चालू संगणकाला गिऱ्हाईक मिळते. सुटा जुना मदरबोर्ड कपाटात पडून राहतो, हा माझा अनुभव आहे.

दुसरा प्रोसेसर

@हिशेबी, आपण इंटेलचा इतिहास सांगितलात आणि एएमडीचा गाळलात. एएम४ सॉकेटवर पहिले रायझन २०१७ मध्ये आले आणि त्याच सॉकेटवर एप्रिल २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी आला, जो त्या वेळी गेमिंगसाठी सर्वांत वेगवान प्रोसेसरांमध्ये गणला जात होता. मी स्वतः २०१८ मध्ये बी४५० चिपसेटचा मध्यम किमतीचा बोर्ड आणि सहा कोअरचा रायझन ५ २६०० घेतला होता. पुढे बायोस (मदरबोर्डातले मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून त्याच बोर्डावर ५८००एक्स३डी बसवला. रॅम तीच, कॅबिनेट तेच, विंडोजही पुन्हा टाकावे लागले नाही. (बायोस जुना प्रोसेसर काढण्यापूर्वीच अद्ययावत करावा. हे मी उशिरा शिकलो आणि एक संपूर्ण रविवार त्यात घालवला.)

धागाकर्त्याची कल्पना बरोबर आहे, फक्त तिला महाग बोर्डाची गरज नाही. व्होल्टेज नियंत्रणाचा भाग नीट थंड राहतो असा मध्यम बोर्ड पुरतो.

हिशेबी

@दुसरा प्रोसेसर, ही गोष्ट अर्धीच आहे. मे २०२० मध्ये एएमडीने जाहीर केले होते की रायझन ५००० मालिका आपल्या त्या बी४५० बोर्डावर चालणार नाही, आणि कारण दिले होते बायोसच्या चिपमध्ये जागा अपुरी असल्याचे. ग्राहकांनी ओरड केल्यावर काही दिवसांतच निर्णय फिरवला गेला. बी३५० वाल्यांना तर अधिकृत परवानगी मिळायला २०२२ उजाडले. जे मिळाले ते भांडून मिळाले, आणि अशा भांडणाच्या निकालावर आगाऊ पैसे लावणे मला पटत नाही.

दुसरा प्रोसेसर

भांडून का होईना, मिळाले. एएम५ बाबत तर एएमडीने २०२२ मध्ये हे सॉकेट २०२५ पर्यंत चालू ठेवण्याचा शब्द दिला होता आणि २०२४ मध्ये तो २०२७ पर्यंत वाढवला गेला.

उशिरा आलेला

दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट निसटते आहे, ती म्हणजे आपण सॉकेटच्या आयुष्यात कोणत्या टप्प्यावर प्रवेश करतो. एएम४ वर २०१७ मध्ये आलेल्या माणसाला पुढे तीन नव्या पिढ्यांचा लाभ घेता आला; २०२१ मध्ये आलेल्याला जेमतेम एका प्रोसेसरचा. अपग्रेडचा लाभ हवा असेल तर सॉकेट नवे असतानाच उडी मारावी लागते, आणि नेमके तेव्हाच ते सर्वांत महाग आणि सर्वांत त्रासदायक असते. एएम५ सप्टेंबर २०२२ मध्ये आले तेव्हा बोर्ड महाग होते, त्याला लागणारी डीडीआर५ ही नव्या प्रकारची रॅम महाग होती, आणि रॅमची जुळणी होईपर्यंत पहिल्यांदा सुरू होणारा संगणक इतका वेळ काळा पडदा दाखवत असे की लोकांना तो बिघडला आहे असेच वाटे. पुढे बायोस सुधारले आणि बोर्ड आवाक्यात आले, पण त्याबरोबर सॉकेटची शिल्लक वर्षेही कमी झाली. स्वस्ताई, स्थिरता आणि लांब भविष्य ही तिन्ही एकाच खरेदीत मिळत नाहीत. कोणती दोन हवीत ते धागाकर्त्याने ठरवावे.

माझ्यापुरते सांगायचे तर मी नेहमी उतारावरचे सॉकेट घेतो आणि पुढचा प्रोसेसर त्यात बसणार नाही हे गृहीतच धरतो.

वॉटमोजणी

मुळात प्रोसेसरवर एवढी चर्चा कशासाठी? गेमिंग संगणकात लोक खरोखर बदलतात ती वस्तू म्हणजे ग्राफिक्स कार्ड, आणि ते सॉकेटवर अवलंबून नसते. म्हणून पॉवर सप्लायचा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण १००० वॉट हे त्याचे उत्तर नव्हे. वरच्या टोकाची कार्डे दरवेळी अधिक भूक लागल्यासारखी वाढत गेली आहेत: आरटीएक्स ३०८० ला ३२० वॉट, ४०९० ला ४५०, ५०९० ला ५७५. मध्यम कार्डांचा आलेख मात्र तसा नाही. ३०६० टीआय २०० वॉट, ४०६० टीआय १६० वॉट, ५०६० टीआय १८० वॉट. जो माणूस १०६० वर एवढी वर्षे सुखी होता, तो तीन वर्षांनी ५७५ वॉटचे कार्ड आणणार नाही. त्याला चांगल्या प्रतीचा ७५० वॉटचा सप्लाय पुढच्या दोन कार्डांना पुरेल.

थांबण्याविषयीही बोलतो. एनव्हिडियाच्या अलीकडच्या पिढ्या सप्टेंबर २०२०, ऑक्टोबर २०२२ आणि जानेवारी २०२५ मध्ये आल्या, म्हणजे अंतर साधारण दोन ते सव्वादोन वर्षांचे. नवी पिढी तोंडावर असेल तर दोन-तीन महिने जरूर थांबावे. त्याआधीपासून थांबणे म्हणजे न खेळता वय वाढवणे. शिवाय नवी पिढी आली म्हणून ती हाती पडतेच असे नाही. २०२० मध्ये जे थांबले त्यांच्या वाट्याला टंचाई आली, आणि १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने ग्राफिक्स कार्डांवरचे खाणकाम (कार्डांना गणिते करायला लावून चलन मिळवणे) बंद केले त्या सुमारासच बाजार खऱ्या अर्थाने सैल झाला.

गेमची भूक कार्डांच्या घोषणांपेक्षा कन्सोलच्या पिढीवर अधिक ठरते, असे माझे मत आहे. प्लेस्टेशन ४ मध्ये २०१३ साली ८ जीबी मेमरी होती, प्लेस्टेशन ५ मध्ये २०२० साली ती १६ जीबी झाली, आणि आठ जीबीची ग्राफिक्स कार्डे अडखळू लागली ती नव्या कन्सोलपुरतेच गेम बनू लागल्यावर. आज घेताना कार्डाच्या मेमरीत काटकसर करू नये. ती मागाहून वाढवता येत नाही.

दोन पट्ट्या

रॅमबाबत सावध करतो. ‘आत्ता दोन पट्ट्या घेऊ, पुढे आणखी दोन लावू’ हा डीडीआर४ च्या काळातला सल्ला डीडीआर५ ला लागू पडत नाही. रायझन ७००० साठी एएमडीचा अधिकृत वेग दोन पट्ट्यांना ५२०० आहे आणि चार पट्ट्यांना ३६००. रिकामे दिसणारे दोन स्लॉट हे अपग्रेड नव्हे, मोह आहे. ३२ जीबी हवी असेल तर १६-१६ च्या दोन पट्ट्या पहिल्याच दिवशी घ्याव्यात.

उशिरा आलेला

@दोन पट्ट्या, तांत्रिकदृष्ट्या मान्य, पण भावांचे काय? २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत उत्पादकांनी आपली क्षमता एआय सर्व्हरच्या मेमरीकडे वळवली आणि रॅमचे भाव भडकले. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने ग्राहकांसाठीचा क्रुशल हा व्यवसाय गुंडाळत असल्याचेही जाहीर केले. अशा वेळी १६ ची एकच पट्टी घेऊन काही महिने एकाच चॅनलवर (रॅम आणि प्रोसेसर यांच्यातल्या दोनपैकी एकाच वाटेवर) काढणे आणि पुढे तशीच दुसरी लावणे, हा समजूतदारपणा ठरू शकतो.

दोन पट्ट्या

एका पट्टीवर प्रोसेसर उपाशी राहतो, विशेषतः ज्याची कॅशे (प्रोसेसरमधली जलद मेमरी) लहान आहे असा साधा प्रोसेसर, आणि धागाकर्ता नेमका तोच घ्यायला निघाला आहे. अगदीच नाइलाज असेल तर करावे, पण दुसरी पट्टी तेव्हा स्वस्त मिळेल याची हमी कोण देणार?

सावकाश (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. महाग बोर्ड आणि १००० वॉट हे दोन्ही मी यादीतून काढले आहे. रॅमचा वाद वाचल्यावर मात्र वेगळाच क्रम सुचला: जी वस्तू सॉकेटवर अवलंबून नाही, ते १६ जीबीचे ग्राफिक्स कार्ड आत्ता घेऊन जुन्या संगणकात बसवावे, आणि बोर्ड, प्रोसेसर, रॅम भाव उतरल्यावर एकत्र घ्यावी.

हिशेबी

जुना चार कोअरचा प्रोसेसर त्या कार्डाला पुरा घास देऊ शकणार नाही, वॉरंटीचे महिने मात्र पूर्ण वेगाने संपतील. शिवाय विंडोजची अडचण जिथल्या तिथेच राहते.

वॉटमोजणी

कार्डाचे काम कमी पडेल हे खरे, पण सेटिंग वर नेली की भार प्रोसेसरवरून कार्डाकडे सरकतो, त्यामुळे तोटा वाटतो तेवढा होणार नाही. जुना बोर्ड पीसीआय एक्स्प्रेस ३.० चा (कार्ड जोडण्याच्या जुन्या, कमी वेगाच्या पद्धतीचा) आहे आणि ५०६० टीआय सारखी कार्डे माहिती ये-जा करण्याच्या आठच लेन वापरतात. कार्डाची मेमरी भरून ओसंडली की ही अरुंद वाट जाचते, म्हणून १६ जीबीचीच आवृत्ती घ्यावी, हा आपला विचार योग्य आहे. फक्त एक तपासा: १०६० ला १२० वॉट लागत होते. सध्याचा पॉवर सप्लाय किती वॉटचा आहे, आणि त्याला आठ पिनांची जोडणी आहे का?

सावकाश (धागाकर्ता)

आत्ताच कॅबिनेट उघडून पाहिले. लेबलावर ४५० वॉट आहे, जोडणी सहा पिनांची एकच आहे, आणि धूळ एवढी आहे की पंखा फिरत होता याचेच आश्चर्य वाटते. तेव्हा पहिली खरेदी ७५० वॉटच्या पॉवर सप्लायची, आणि कार्ड त्यानंतर.