मदत हवी आहे : आजीचं शिलाई मशीन चालून नाही राहिलं (रविवारच्या आत)

नातू_महालचा
आजीचं जुनं सिंगर आहे, पायाचं. मागच्या आठवड्यात कोठीतून काढलं, दोन दिवस बसून साफ केलं, तेल टाकलं, तरी चालून नाही राहिलं. रविवारी आई पुण्याहून येते, त्याच्या आत सुरू करायचं आहे. मिस्त्रीला दाखवा असं सांगू नका. तो येऊन गेला, "भंगारात द्या, नवीन घ्या" म्हणाला. लवकर सांगा.

सुईदोरा
चालत नाही म्हणजे नेमकं काय होतं? चाक जाम आहे, की चाक फिरतं पण सुई हलत नाही, की टाका पडत नाही? बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची फिरकी, गोल आहे की लांब काडीसारखी? मशीनवरचा नंबर काय?

निवृत्त_फिटर
रॉकेल. दुसरं काही करू नको. तेलाच्या प्रत्येक भोकात रॉकेल सोड, रात्रभर राहू दे, सकाळी चाक मागेपुढे हलव. काळं पाणी निघेल. मग पुसून मशीनचं तेल दे, कारण रॉकेल मळ काढतं पण वंगण देत नाही, तसंच सोडलं तर गंज धरतो. गॅसजवळ बसून करू नको.

धंतोलीची_शिंपीण
काका, रॉकेल आता मिळतं कुठे? स्पिरिटनं पूस, लखलख होतं.

सुईदोरा
स्पिरिट अजिबात नको! त्या काळ्या मशीनवर सोनेरी नक्षीच्या वर लाखेचा पातळ थर असतो. स्पिरिटमध्ये लाख विरघळते. थर गेला की पाठोपाठ नक्षी जाते. वरून पुसायला मशीनचं तेल आणि मऊ सुती कापड, बस.

निवृत्त_फिटर
म्हटलं ना मी, रॉकेल.

सुईदोरा
काका, बाहेरच्या नक्षीला रॉकेलही नका लावू. ते आतल्या भागांना.

नातू_महालचा
स्पिरिटनं पुसून झालं आहे. खांबावरची एक वेल अर्धी गेली. तो विषय सोडा, पुढचं सांगा. बॉबिन गोल आहे, नंबर 'वाय'नं सुरू होतो. तेल खोबरेल टाकलं, घरात तेच होतं.

निवृत्त_फिटर
खोबरेल!! अरे, ते केसांना. चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली खोबरेल थिजतं. डिसेंबरात सकाळी बाटली उन्हात ठेवतो ना आपण? तेच मशीनच्या आत होईल. सगळं धुऊन काढ.

वर्धेकर
'वाय' म्हणजे स्कॉटलंडचं, क्लाईडबँकच्या कारखान्यातलं. साधारण १९२२ ते १९३५ च्या मधलं असावं. छान वस्तू आहे. गांधीजी यंत्रांच्या विरोधात होते, पण शिलाई मशीनचा त्यांनी अपवाद केला होता. सिंगरनं बायकोचे कष्ट पाहून, तिच्यावरच्या प्रेमापोटी मशीन बनवलं, असं ते म्हणत.

धंतोलीची_शिंपीण
कोणत्या बायकोचे? सिंगरसाहेबांचे संसार बरेच होते आणि पोरं दोन डझन. आणि मशीन काही त्यांनी एकट्यानं शोधलं नाही. पेटंट त्यांचं १८५१ चं, एलायस हाउचं १८४६ चं. दोघं कोर्टात भांडले, सिंगरला पैसे मोजावे लागले.

वर्धेकर
मी गांधीजींबद्दल बोलत होतो, सिंगरच्या चारित्र्याबद्दल नाही.

जुनं_ते_सोनं
विकायचं आहे का? त्यात लाल पारा असतो म्हणतात. मोबाईल सुईजवळ नेला की नेटवर्क जातं. तसं असेल तर लाखात भाव आहे.

सुईदोरा
बाप्पा! ही अफवा २००९ मध्ये सौदीत उठली होती, लोकांनी वाट्टेल त्या भावानं जुनी मशीनं घेतली. आत लोखंड आहे फक्त.
नातू, तू अजून पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस. चाक फिरतं का?

नातू_महालचा
फिरतं ना. पायानं मस्त फिरतं. सुई हलत नाही.

सुईदोरा
हे पहिल्याच ओळीत लिहायला काय झालं होतं! मग मशीन जाम नाहीच, चाक मोकळं सुटलं आहे. चाकाच्या मधोमध गोल मोठा स्क्रू असतो, बॉबिन भरताना सैल करतो तो. कसलेला आहे का?

धंतोलीची_शिंपीण
ते नसतं जमत, सरळ मोटर बसव. माझ्याकडे पाच वर्षं चालू आहे. पायाची कटकट नाही.

नातू_महालचा
मोटर नको. स्क्रू कसतो आहे पण अर्ध्यातच थांबतो, पूर्ण बसत नाही. साफ करताना पूर्ण काढला होता, चाकही काढलं होतं. आतून तीन कानांचा एक वॉशर निघाला, तो बसवला परत.

सुईदोरा
सापडलं. तो वॉशर चुकीचा बसला आहे. मोठ्या स्क्रूवर एक बारका स्क्रू दिसेल, तो सैल कर, मगच मोठा काढ. वॉशरचे आतले दोन दात बाहेर, तुझ्याकडे वळलेले पाहिजेत. तसे असतील तर वॉशर अर्धा फेरा फिरवून त्याच खाचांत बसव. मोठा स्क्रू घट्ट कस, मग बारका. सुई चाकाबरोबर खाली आली पाहिजे. दहा मिनिटांचं काम आहे.

निवृत्त_फिटर
आधी रॉकेल.

नातू_महालचा
हललीऽऽ! अर्धा फेराच होता फक्त. पण आता कापडाखाली दोऱ्याचा गुंता होऊन राहिला.

सुईदोरा
पाय उलटा पडतो आहे. चाकाचा वरचा भाग तुझ्याकडे यायला पाहिजे. हातानं चाक तसं ढकल आणि मगच पायडल दाब. आणि सुई बघ, चपटी बाजू कुठे आहे? दोरा लांब खाचेच्या बाजूनं ओवायचा. नवी सुई लाव, जुनी वाकलेली असेल. गांधीबागेच्या बाजाराकडे गेलास तर चाकाचा पट्टाही घेऊन ये, इतक्या वर्षांत कातडं कडक झालं असेल.

नातू_महालचा
पाय उलटाच होता. जुन्या बनियनवर चार इंच सरळ टाका पडला. खोबरेल धुऊन काढतो आज. सुईदोरा ताई की दादा, जे असाल ते, आभार.

सुईदोरा
ताई. वेलीचं आईला काय सांगणार आहेस?

नातू_महालचा
मशीनवर झाकण टाकून ठेवीन दोन दिवस.

जुनं_ते_सोनं
म्हणजे विकायचं नाही ना?

निवृत्त_फिटर
शेवटी रॉकेलनंच झालं ना?

नातू_महालचा
काका, रॉकेल मिळालंच नाही.