लेट्रोझोलमुळे आईचे सांधे दुखतात. गोळी बंद केली तर चालेल का?

प्रश्न : सिडको, नाशिक

माझ्या आईचे वय 61 आहे. गेल्या वर्षी तिच्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, पाठोपाठ रेडिएशन झाले आणि गाठीच्या अहवालात ईआर व पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे गाठ इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या स्त्री-हार्मोन्सना प्रतिसाद देणारी) आल्यामुळे पाच वर्षांसाठी लेट्रोझोलची रोज एक गोळी सुरू झाली. आता सातवा महिना चालू आहे. सकाळी तिची मूठ वळत नाही, भाकरीचे पीठ मळतानाच हात थांबतो आणि जिना उतरताना ती कठड्याला धरून एकेक पायरी उतरते. त्यातच शेजारच्या काकूंनी "हार्मोनच्या गोळ्यांनीच कर्करोग होतो" असे सांगितले आणि तेव्हापासून दोनदा मला तिच्या उशीखाली गोळी सापडली. गाठ काढून टाकलेली असताना या गोळीचा नेमका फायदा काय? शिवाय मी 36 वर्षांची आहे. प्रतिबंध म्हणून मीही ती घ्यावी का?

उत्तर 1 : पंचवटी

ताई, मी टॅमॉक्सिफेन या अशाच दुसऱ्या गोळीची पाच वर्षे पूर्ण केली आहेत. माझा त्रास वेगळा होता. अंगातून वाफा निघाल्यासारखे व्हायचे आणि थंडीतही रात्री पंखा लावावा लागायचा. आईंना रागावू नका. दुखणे दिसते आणि गोळीचा उपयोग दिसत नाही, म्हणून गोळी उशीखाली जाते. तिने न विचारता गोळी थांबवण्यापेक्षा तुम्ही तिच्या देखत डॉक्टरांना सगळे सांगा, उशीचेसुद्धा.

उत्तर 2 : औषधनिर्माता, कॉलेज रोड

काकूंचे म्हणणे पूर्ण खोटे नाही, पण ते दुसऱ्या गोळीबद्दल आहे. पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन एकत्र असलेली हार्मोन देणारी औषधे दीर्घकाळ घेतल्यास स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. लेट्रोझोल नेमके उलट काम करते. पाळी गेल्यावरही ॲड्रिनल ग्रंथींच्या स्रावांपासून शरीरातील चरबीत अरोमाटेज या विकराच्या मदतीने थोडे इस्ट्रोजेन तयार होत राहते, आणि ईआर पॉझिटिव्ह पेशी त्यावरच पोसतात. लेट्रोझोल अरोमाटेजला रोखून ते तयार होणेच थांबवते. टॅमॉक्सिफेन मात्र इस्ट्रोजेन कमी न करता स्तनाच्या पेशीवरील त्याची जागा अडवून बसते.

शस्त्रक्रियेने दिसणारी गाठ जाते, पण रक्तावाटे इतरत्र गेलेल्या काही पेशी वर्षानुवर्षे शांत राहू शकतात. ईआर पॉझिटिव्ह प्रकारात आजार दहा-पंधरा वर्षांनीही परत येऊ शकतो, म्हणून उपचार इतका लांबतो. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र केले असता, पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या ईआर पॉझिटिव्ह स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू पहिल्या पंधरा वर्षांत साधारण एक तृतीयांशाने कमी झाले. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये अरोमाटेज रोखणारी औषधे आजार परत येऊ न देण्यात त्याहूनही थोडी सरस ठरली आहेत.

सांधेदुखी हा याच गटाचा नेहमीचा दुष्परिणाम आहे. डॉक्टर गटातली दुसरी गोळी, म्हणजे ॲनास्ट्रोझोल किंवा एक्झेमेस्टेन, देऊन पाहतात. तीही झेपली नाही तर टॅमॉक्सिफेनवर नेता येते. नियमित चालण्याच्या व्यायामाने दुखणे कमी होते. हाडे ठिसूळ होत असल्यामुळे डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी झाली आहे का, हे जरूर विचारा. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाबद्दलचा सल्लाही त्याच वेळी घ्या.

तुमच्या प्रश्नाबद्दल : पाळी चालू असताना लेट्रोझोल एकट्याने उपयोगी पडत नाही, कारण अंडाशय इस्ट्रोजेन बनवतच राहते. प्रतिबंधासाठी टॅमॉक्सिफेन वापरतात, आणि 1998 साली प्रसिद्ध झालेल्या 13,388 स्त्रियांच्या अमेरिकी चाचणीत त्याने कर्करोगाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आणले. मात्र त्या सर्व स्त्रिया अधिक धोक्याच्या गटातल्या होत्या. त्या बदल्यात रक्ताच्या गाठी होण्याचा आणि पाळी गेलेल्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढला; गरोदरपणात तर हे औषध चालतच नाही. केवळ आईला साठीत हा आजार झाला म्हणून तुम्ही लगेच त्या गटात येत नाही. मावशी, आजी, बहीण यांच्यापैकी कोणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग होता का आणि कोणत्या वयात, हे लिहून घेऊन तपासणीला जा.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आईच्या आईला पोटात गाठ झाली होती एवढेच घरात सांगतात. ती कसली होती, हे आता मामाला विचारते. काल संध्याकाळी आई माझ्यासोबत गोदा पार्कात वीस मिनिटे चालली, आणि घरी येऊन गोळी माझ्यासमोर घेतली. गुरुवारी डॉक्टरांकडे जातो आहोत.