मदत हवी आहे : मादागास्कर आणि भारतातील डायनोसॉरांच्या साम्याविषयी

सप्रेम नमस्कार. शाळेतील मुलांसाठी मी मादागास्करच्या जीवाश्मांवर एक टिपण तयार करीत असून एका मुद्द्यावर जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

त्या बेटाच्या वायव्येकडील महाजंगा खोऱ्यात सुमारे 7 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत माजुंगासॉरस या मांसाहारी डायनोसॉरचे अवशेष मिळतात. त्याच्या कपाळावर एक बोथट शिंग होते आणि त्याच्याच जातीच्या हाडांवर त्याच्याच दातांच्या खुणा आढळल्या आहेत (मुलांना हे नक्की आवडेल!). कवटीचा जाड तुकडा पाहून 1979 मध्ये तो घुमटाकार डोक्याच्या शाकाहारी डायनोसॉरचा मानला गेला होता. 1996 मध्ये जवळजवळ पूर्ण कवटी सापडल्यावर तो गैरसमज दूर झाला.

गुजरातेत रहिओली येथे सापडलेला राजासॉरसही याच कुळातील, शिंगधारी. मादागास्करचा ‘वाहिनी’ नावाचा शाकाहारी डायनोसॉर तर जबलपूरच्या जैनोसॉरसशी जवळचे नाते सांगतो. मात्र भारत आणि मादागास्कर सुमारे 8.8 कोटी वर्षांपूर्वीच विलग झाले. मग हे साम्य केवळ समान पूर्वजांमुळे टिकले, की विलगीकरणानंतरही एखाद्या भूसेतूवरून प्राण्यांची ये-जा चालू होती? सध्या कोणते मत अधिक ग्राह्य धरले जाते?

तसेच चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथील डायनोसॉरांची हाडे व अश्मीभूत विष्ठा मुलांना प्रत्यक्ष कोठे दाखवता येतील, हेही कृपया कळवावे.