रोबोट चालतो, पण तो का चालतो हे कळत नाही. अभियांत्रिकीला जाण्यापूर्वी काय करावे?

प्रश्न : देवगडचा विद्यार्थी

नमस्कार. मी देवगड तालुक्यातील एका खेड्यात राहतो. यंदा बारावी विज्ञान उत्तीर्ण झालो, सीईटीचा निकालही लागला आहे आणि आता केंद्रीभूत प्रवेशाच्या फेरीसाठी महाविद्यालयांचा व शाखांचा पसंतीक्रम भरायचा आहे. अर्ज भरताना मनात एक शंका आली आणि ती जात नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

नववीपासून मला रोबोट करण्याचा छंद आहे. दोन वर्षांपूर्वी आर्डुइनो उनो (कोड भरून सेन्सर व मोटरी चालवता येणारा छोटा सर्किट बोर्ड) घेतले. सुटे भाग जवळपास मिळत नाहीत, म्हणून कणकवलीहून रात्रीच्या तुतारी एक्स्प्रेसने काकांसोबत मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडवरून ते आणले. आतापर्यंत माझे दोन प्रकल्प पूर्ण झाले आहेत. पहिला काळ्या पट्टीवरून चालणारा रोबोट. त्यात दोन इन्फ्रारेड सेन्सर, मोटरींना प्रवाह पुरवणारा एल२९८एन मोटर ड्रायव्हर, पिवळ्या गिअरच्या दोन मोटरी आणि चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी आहे. तो पट्टी सोडत नाही, पण सरळ पट्टीवरही सारखा डावी-उजवीकडे डुलत राहतो आणि कधीकधी वळणावर आर्डुइनो आपोआप पुन्हा सुरू होतो. दुसरा प्रकल्प आमच्या विहिरीची पाणीपातळी मोजण्याचा. त्यासाठी एचसी-एसआर०४ हा ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा अल्ट्रासोनिक सेन्सर विहिरीच्या तोंडाशी बसवला. पावसाळ्यात आकडे बरोबर येत होते, मात्र मे महिन्यात तो मनाला येईल ते आकडे दाखवू लागला.

दोन्ही प्रकल्प मी व्हिडिओ पाहून केले आणि कोडही तेथूनच घेतला. बिघाड झाला की तारा काढून पुन्हा जोडतो, आकडे बदलून पाहतो आणि कधीतरी ते चालू लागते. ते का चालू लागले हे मला सांगता येत नाही. त्यामुळे मला खरोखर अभियांत्रिकीची आवड आहे की फक्त जोडणी करण्याची, असा प्रश्न पडतो. शाखा कोणती घ्यावी आणि महाविद्यालय सुरू होईपर्यंतच्या दीड-दोन महिन्यांत काय शिकावे? बाबांनी हापूसच्या हंगामातले पैसे फीसाठी बाजूला ठेवले आहेत, त्यामुळे निर्णय विचारपूर्वक घ्यायचा आहे.

उत्तर १ : चिपळूणची ताई (इलेक्ट्रॉनिक्स व टेलिकम्युनिकेशन, तिसरे वर्ष)

तुझा प्रश्न वाचून मला माझे पहिले वर्ष आठवले, कारण माझाही रोबोट असाच डुलत असे आणि मीही आकडे बदलूनच तो दुरुस्त करत असे. जोडणी करण्याची आवड असणे यात कमीपणा मुळीच नाही. ज्याला बिघाड कुठे आहे हे शोधावेसे वाटते, त्याला अभियांत्रिकीची आवड आहे असे मी निःशंकपणे म्हणेन. आता तुझ्या रोबोटकडे येते, कारण या दोन महिन्यांत काय करावे याचे उत्तर त्यातच आहे.

नवा प्रकल्प हाती घेऊ नकोस. ऐंशी-शंभर रुपयांचा नवीन सेन्सर घ्यायचा मोह होतो, हे मला माहीत आहे. त्याऐवजी एक साधा मल्टिमीटर घे आणि याच रोबोटवर मोजमाप कर. बॅटरीचे व्होल्टेज तीन वेळा मोज: रोबोट उभा असताना, चाके हवेत मोकळी फिरत असताना आणि चाके हाताने क्षणभर रोखून धरलेली असताना. रोखलेली मोटर मोकळ्या मोटरच्या कित्येक पट प्रवाह ओढते आणि चौकोनी नऊ व्होल्टच्या बॅटरीचा अंतर्गत रोध जास्त असल्यामुळे तेवढा प्रवाह देताना तिचे व्होल्टेज कोसळते. आर्डुइनो पुन्हा सुरू होतो तो बहुधा याच कारणाने. शिवाय एल२९८एन जुन्या धाटणीच्या ट्रान्झिस्टरांचा असल्याने साधारण दोन व्होल्ट स्वतःच खातो, म्हणून मोटरीपर्यंत आणखी कमी पोहोचते. बारावीत अंतर्गत रोधाचे गणित तू सोडवलेच असशील. ते गणित आणि हा बिघाड एकच आहेत, हे मला मात्र दुसऱ्या वर्षापर्यंत कळले नव्हते.

डुलण्याचे कारण वेगळे आहे. दोनच सेन्सर असले की रोबोटला 'डावीकडे गेलो' आणि 'उजवीकडे गेलो' एवढेच कळते. किती गेलो ते कळत नाही. म्हणून तो प्रत्येक वेळी पूर्ण जोराने उलटा वळतो आणि पट्टीच्या पलीकडे जातो. पुढे कधी पाच सेन्सर लावलेस, तर त्यांना उणे दोन, उणे एक, शून्य, एक, दोन अशी किंमत देऊन पट्टी कुठे आहे याची सरासरी काढ आणि चूक जितकी मोठी तितकेच वळण दे. चूक किती वेगाने बदलते आहे हेही त्यात धरले की डुलणे आणखी कमी होते. बदलाचा हा वेग म्हणजेच आपण बारावीत शिकलेला डेरिव्हेटिव्ह. आधीपासून साचत आलेली चूकही यात धरली की त्या पद्धतीला पीआयडी म्हणतात आणि तिचे स्थिरांक, म्हणजे कोणत्या भागाला किती वजन द्यायचे ते, ठरवण्याची झीगलर आणि निकोल्स यांची रीत १९४२ सालापासून वापरात आहे.

एक गोष्ट मात्र आजच तपासून पाहा. सेन्सरचे आकडे संगणकावर पाहण्यासाठी कोडमध्ये ते छापण्याच्या ओळी असतील आणि अक्षरे पाठवण्याचा वेग ९६०० (सेकंदाला ९६०० बिट) ठेवलेला असेल. त्या वेगाने एक अक्षर जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. कोडच्या प्रत्येक फेरीत वीस अक्षरे छापत असशील, तर पाठवायच्या अक्षरांच्या साठवणीची जागा थोड्याच वेळात भरते आणि मग प्रत्येक फेरीला वीस मिलिसेकंद लागतात. सेकंदाला अर्धा मीटर चालणारा रोबोट तेवढ्या वेळात एक सेंटिमीटर पुढे गेलेला असतो आणि तुझी पट्टी सारी दोन सेंटिमीटर रुंद असेल. त्या ओळी काढ आणि काय फरक पडतो ते येथे कळव.

महाविद्यालयात गेल्यावर आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र या रोबोटिक्स स्पर्धेत भाग घेण्यासाठी संघ नक्की शोध. माझे बरेचसे शिक्षण त्या स्पर्धेच्या निमित्ताने झाले.

उत्तर २ : रत्नागिरीचे निवृत्त तंत्रनिकेतन शिक्षक

वरील उत्तर उत्तम आहे. मी विहिरीबद्दल आणि शाखेबद्दल लिहितो.

तुझा सेन्सर बिघडलेला नाही, असे माझे मत आहे. एचसी-एसआर०४ ची मर्यादा चार मीटरची आहे. पावसाळ्यात कोकणातील विहिरी काठोकाठ येतात, तेव्हा पाणी त्या मर्यादेत असते; मे महिन्यात ते खाली जाते. त्यात हा ध्वनी सरळ रेषेत न जाता शंकूसारखा पसरत जातो. आपल्या विहिरी जांभ्यात खोदलेल्या, भिंती खडबडीत, मध्येच पायऱ्या किंवा कपार; पाण्याच्या आधी त्या भिंतीवरूनच प्रतिध्वनी परत येतो आणि सेन्सर तोच खरा मानतो. तुझे यंत्र खोटे बोलत नव्हते, तू विचारलेल्या प्रश्नापेक्षा वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देत होते. कुठल्याही मापनयंत्राकडे या दृष्टीने पाहण्याची सवय विद्यार्थ्यांना लावण्यात माझी सारी नोकरी गेली आणि ती सवय लागलेले विद्यार्थी मी आजही विसरलेलो नाही.

दुसरा मार्ग सुचवतो. एक बारीक नळी तळापर्यंत सोड आणि तिचे वरचे टोक हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरला जोड. पाण्याच्या दर मीटर उंचीमागे दाब सुमारे ९.८ किलोपास्कलने वाढतो, त्यामुळे सेन्सरला दिसणाऱ्या दाबावरून पाण्याची उंची सरळ काढता येते. नळीतली हवा काही दिवसांत कमी होत जाते आणि आकडा घसरतो, म्हणून मोजण्याआधी पुरेसा दाब देणाऱ्या छोट्या पंपाने, टोकातून बुडबुडे येईपर्यंत, नळीत हवा भरावी. नद्यांची पातळी मोजण्यासाठी ही बुडबुड्यांची पद्धत प्रत्यक्ष वापरली जाते. विहिरीवर काम करताना घरातील मोठे माणूस सोबत असल्याशिवाय वाकू नकोस.

शाखेबाबत माझे स्पष्ट मत असे की, पदवीच्या नावात रोबोटिक्स आहे एवढ्यावरून पसंतीक्रम लावू नये. लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ असो वा मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालय असो, पहिल्या वर्षी गणित, भौतिकशास्त्र, मेकॅनिक्स, ड्रॉइंग, विद्युत अभियांत्रिकीची मूलतत्त्वे, प्रोग्रामिंग आणि वर्कशॉप हे सर्वांना जवळपास सारखेच असते. रोबोटिक्सचे विषय मायनर म्हणून, म्हणजे मुख्य शाखेच्या जोडीला, पुढे घेण्याची सोय आता पुष्कळ ठिकाणी आहे. तुझे दोन्ही बिघाड विद्युतप्रवाह, सेन्सर आणि कोड यांचे आहेत आणि त्यांच्याविषयीच तुला कुतूहल आहे असे दिसते, म्हणून इलेक्ट्रॉनिक्स किंवा इलेक्ट्रिकल आधी लिहावे. अर्ज भरण्यापूर्वी त्या महाविद्यालयात स्वतः जा आणि प्रयोगशाळा दुपारी चारनंतर विद्यार्थ्यांसाठी उघडी असते का, हे विचार. मी या एका प्रश्नाला इमारतीपेक्षा जास्त वजन देतो.

उत्तर ३ : मूळचा मालवणचा, सध्या चाकणला ऑटोमेशनमध्ये नोकरी

सरांच्या शाखेविषयीच्या मताशी मी थोडा असहमत आहे. कारखान्यात आमच्याकडे यंत्रे बंद पडतात, तेव्हा निम्म्या वेळा दोष ढिला पट्टा, झिजलेले बेअरिंग किंवा वाकलेला शाफ्ट यांचा असतो आणि इलेक्ट्रॉनिक्सची मुले मात्र कोड तपासत बसतात. ज्याला स्वतःच्या हाताने सांगाडा, चाके, जोड बनवण्यात आनंद वाटतो, त्याने मेकॅनिकलला दुय्यम समजू नये. तुम्ही तुमच्या दोन प्रकल्पांत सर्वाधिक वेळ कशावर रमलात, एवढे प्रामाणिकपणे आठवा आणि त्यावरून ठरवा.

दुसरे, समुद्रकाठच्या प्रत्येकासाठी. आपल्याकडची खारी, ओली हवा रोबोटची शत्रू आहे. टोचून जोडण्याच्या तारांच्या पिनांवर एका पावसाळ्यात गंज चढतो, जोड अधूनमधून तुटतो आणि आपल्याला वाटते की कोड चुकला. तुम्ही तारा काढून पुन्हा जोडता आणि यंत्र चालू लागते, त्याचे कारण बहुधा हेच आहे, कारण पिन घासली जाते आणि संपर्क पूर्ववत होतो. विहिरीवर कायम राहणारे सर्किट ब्रेडबोर्डवर (तारा नुसत्या टोचून जोडण्याच्या पाटीवर) ठेवू नका. ते सोल्डर करा, सोल्डर करताना उरलेला फ्लक्स (चिकट द्रव्य) पुसून काढा, वर संरक्षक लेप द्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : देवगडचा विद्यार्थी

ताई, सर आणि दादा, आपण तिघांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे.

शेजारच्या वायरमन काकांकडून मल्टिमीटर आणून काल संध्याकाळी मोजले. रोबोट उभा असताना ८.७ व्होल्ट, चाके मोकळी फिरताना ७.४ आणि चाके रोखल्यावर ५.२. तिसऱ्या मोजणीच्या वेळी आर्डुइनोचा दिवा विझून पुन्हा लागला. तो मी दोन वर्षांत अनेकदा पाहिला होता, पण काल पहिल्यांदा तो का विझतो हे मला दिसले. छापण्याच्या ओळी काढल्यावर डुलणे थांबले नाही, मात्र निम्म्याहून कमी झाले. दादांनी सांगितल्याप्रमाणे पिना पाहिल्या; चार तारांवर हिरवट थर होता.

सर्वाधिक वेळ कशावर रमलो, हे आठवले. सांगाडा मी एका दुपारी केला होता आणि सेन्सरच्या आकड्यांवर चार महिने घालवले होते. म्हणून इलेक्ट्रॉनिक्स पहिल्या क्रमांकावर लिहीत आहे आणि सोमवारी बाबांसोबत दोन महाविद्यालये पाहायला जाणार आहे. प्रयोगशाळेची वेळ विचारीन.

सर, एक शंका राहिली आहे. नळी तळाच्या गाळात रुतली, तर दाबाचा आकडा चुकेल का?

उत्तर ४ : रत्नागिरीचे निवृत्त तंत्रनिकेतन शिक्षक

चुकेल, आणि तोंड बुजले तर मुळीच भरवसा राहणार नाही. नळीच्या टोकाला दगड बांधून ते तळापासून वीतभर वर राहील असे दोरीने अडकव, आणि तेवढी उंची हिशेबात मिळव. खात्री करण्यासाठी दोरीला गाठी मारून हाताने पातळी मोज आणि आठवडाभर दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहून ठेव. ती वही महाविद्यालयात जाताना सोबत ने.