केंद्राच्या पैशातून यंत्रं येतात, मग शिपायाचा पगार का नाही?

माणदेशी
पोलीस हा राज्यसूचीतला, म्हणजे राज्याने सांभाळायचा विषय, तरी केंद्राची पोलीस आधुनिकीकरण योजना 1969 पासून चालू आहे. महाराष्ट्रासारख्या राज्याला 60 टक्के केंद्र देतं, 40 टक्के राज्याने घालायचे. फेब्रुवारी 2022 मध्ये केंद्राने 2021-22 ते 2025-26 या काळासाठी 26,275 कोटींची एकत्रित योजना मंजूर केली. त्यात राज्यांच्या पोलीस दलांच्या आधुनिकीकरणाचा वाटा 4,846 कोटींचा. यातून शस्त्रं, संपर्कयंत्रणा, फॉरेन्सिक साहित्य, प्रशिक्षणाची साधनं येतात. शिपायाचा पगार यात बसत नाही.

माझं मत स्पष्ट आहे, तो बसला पाहिजे. पोरं कमी नाहीत. 2022-23 ची भरती जून 2024 मध्ये, ऐन पावसाळ्यात मैदानावर उतरली. 17,471 जागांसाठी 17 लाखांवर अर्ज आले होते. आमच्या भागातली पोरं पहाटे चारला उठून सोळाशे मीटर मारतात. जाहिरात दोन-दोन वर्षं लांबली की काहींचं वय निघून जातं आणि ती कायमची बाहेर पडतात. दुसरीकडे मुंबईत माणसं कमी पडली म्हणून 2023 मध्ये महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाचे 3,000 जवान कंत्राटी पद्धतीने घ्यायचं ठरलं. केंद्राने नव्या शिपायाच्या पगारातला वाटा पहिली पाच वर्षं उचलावा. अट एकच, भरती दरवर्षी झाली पाहिजे.

जमाखर्च
पूर्ण विरोध. मी राज्याच्या लेखा शाखेत आयुष्य घालवलंय म्हणून सांगतो, वायरलेस संच एकदा घेतला की खर्च संपतो. शिपाई घेतला की पुढची तीस-पस्तीस वर्षं पगार, महागाई भत्ता, घर, उपचार आणि शेवटी निवृत्तिवेतन. पाच वर्षांनी केंद्राने हात काढला की सगळा भार राज्यावर. मग काय होतं? आधीच्या शिपायांना काढता येत नाही, म्हणून पुढची भरती थांबते. तुमच्या योजनेमुळे आज वीस वर्षांच्या पोराला जागा मिळेल आणि आज पंधरा वर्षांच्या पोराची जाईल.

अमेरिकेत 1994 च्या कायद्याने एक लाख पोलीस नेमायचं ठरलं. केंद्र सरकार नव्या पोलिसाच्या पगाराच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम तीन वर्षं देणार होतं, एका पोलिसामागे जास्तीत जास्त 75,000 डॉलर. तीन वर्षांनंतर तो माणूस गावाने स्वतःच्या खर्चाने ठेवायचा. छोट्या गावांपुढे अवघड प्रश्न तिथेच उभा राहिला.

लीड्सकर
इंग्लंड-वेल्सचं सांगतो, इथे राहतो म्हणून. 2010 नंतर काटकसरीत सुमारे 20,000 पोलीस कमी केले. 2019 मध्ये सरकारने तेवढेच परत भरायचं जाहीर केलं आणि मार्च 2023 पर्यंत आकडा गाठलाही. पण गेले ते अनुभवी आणि आले ते कोरे. आकडा गाठला तेव्हा दलातल्या एक तृतीयांशाहून अधिक पोलिसांची नोकरी पाच वर्षांच्या आतली होती. नव्यांना शिकवायला ठाण्यात जुनं माणूस नाही, आणि नवे पहिल्या काही वर्षांतच राजीनामा देऊन जातात. त्यामुळे जमाखर्चकाकांशी मी अर्धाच सहमत आहे. पैसा द्यावा, पण तो माणूस टिकवायला.

वर्दीवाली
दादा, आपल्याकडे शिपाई राजीनामा देत नाही. सरकारी नोकरी कोण सोडतं? तो ठाण्यातून निघून साईड पोस्टिंगला जातो. कोणी कंट्रोल रूमला, कोणी मुख्यालयात, कोणी साहेबांच्या कार्यालयात. हजेरीपटावर तो आहे, पण गुन्ह्याचा तपास करायला नाही. आमच्याकडे माणसं गळतात ती अशी, आणि ही गळती कुठल्याच अहवालात दिसत नाही.

कारण ड्युटीचे तास. गणपती, मग नवरात्र, मग निवडणूक, मध्ये एखादा मोर्चा. साप्ताहिक सुटी बंदोबस्तात जाते. मुलाच्या शाळेत पालकसभेला मी एकदाही वेळेवर पोचलेले नाही. मुंबईत 2016 मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची ड्युटी सुरू झाली, तीही एका शिपायाने तक्ता मांडून दाखवला म्हणून. 2021 मध्ये नागपूर शहरात महिलांसाठी बाराऐवजी आठ तासांचा प्रयोग झाला, पुढे राज्यभर आदेश निघाला. आदेश चांगलाच आहे. पण ठाण्यात माणसंच नसतील तर माझे चार तास वाचवायला दुसऱ्या कुणाचे चार वाढतात. म्हणून माझं मत माणदेशींच्या बाजूने. आधी संख्या.

जमाखर्च
ताई, तुमच्या त्रासाबद्दल दुमत नाही. पण साईड पोस्टिंगवरची माणसं ठाण्यात परत आणायला दिल्लीचा एक रुपयाही लागत नाही. एक सही लागते.

वर्दीवाली
ती सही होत नाही, काका. आणि परत आणलेला माणूस त्याच तासांत परत थकणार.

मैदान_ते_वर्ग
मी एका प्रशिक्षण केंद्रात शिकवत होतो. या सगळ्यात प्रशिक्षण कोणी धरतच नाही, आणि माझ्या मते केंद्राचा पैसा लावायची खरी जागा तीच.

1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे आले. सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं, झडती-जप्तीचं चित्रीकरण करायचं. जुन्या भारतीय दंड संहितेची कलमं पाठ असलेल्या हवालदाराला पन्नाशीत कलमांचे नवे आकडे शिकायचे आहेत, आणि मोबाईलवरचं चित्रीकरण कोर्टात टिकेल असं जपायचं आहे. हे शिकवायला कुठे एक दिवसाची कार्यशाळा, कुठे नुसती पुस्तिका. चित्रीकरणात चूक झाली की आरोपीच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो, आणि फिर्यादी बाई कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहते.

प्रशिक्षण केंद्रात शिकवायला यायला कोणी तयार नसतं, ती नेमणूक शिक्षा मानली जाते. तपासात नाव कमावलेला अधिकारी दोन वर्षं शिकवायला आला तर त्याला भरघोस भत्ता, राहायला चांगलं घर आणि परतताना पसंतीची नेमणूक मिळाली पाहिजे. यात निवृत्तिवेतनाचा कायमचा बोजा नाही, म्हणजे जमाखर्चांचा आक्षेपही लागू होत नाही.

जमाखर्च
याला माझा पाठिंबा. भत्ता, घर, वर्गखोल्या, सगळं मान्य.

माणदेशी
सर, शिकवायला उत्तम अधिकारी आला, पण शिकायला कोण येणार? ठाण्यातून चार हवालदार पंधरा दिवसांसाठी पाठवा म्हटलं की ठाणेदार नाही म्हणतो, आणि त्याच्या जागी मी असतो तरी नाहीच म्हटलं असतं. बंदोबस्त कोण करणार? म्हणून दर जिल्ह्यात मंजूर संख्येवर काही टक्के जागा प्रशिक्षण राखीव म्हणून हव्यात, कायम कोणी ना कोणी वर्गात असेल अशा. तेवढ्याच जागांचा पगार केंद्राने द्यावा. पाच वर्षं नको म्हणता ना काका? मग कायमचा द्यावा, 60:40 ने, यंत्रांना देतात तसाच.

जमाखर्च
कायमचा दिला तर बदल्या आणि नेमणुकांवरही दिल्ली बोलणार. पैसा देणारा अटी घालतोच. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये प्रकाश सिंह खटल्यात पोलीस सुधारणांचे निर्देश दिले. ते मनापासून अमलात आणायला राज्यं अजून तयार नाहीत, ती तुमच्या अटी कशाला मानतील?

वर्दीवाली
बदल्यांवर आज कोण बोलतं ते आम्हाला ठाऊक आहे. राखीव जागा द्या, पैसा कुणाचाही असो. आणि त्या जागांवरचा माणूस गणपतीत बंदोबस्ताला ओढायचा नाही, हे त्याच आदेशात लिहा. नाहीतर वर्ग रिकामा आणि मांडवापाशी तोच शिपाई.