मदत हवी आहे: इंग्रजी शब्द 'सेट' (set) कसा शिकवू?

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूरकडचे. भाची मराठी शाळेतून दहावी झाली, आता बेळगावात कॉलेजला सगळं इंग्रजीतून आहे. पोरगी 'सेट'पाशी अडलीय. गणितात सेट म्हणजे संच, टेनिसचा सेट निराळा. सूर्य सेट होतो म्हणजे मावळतो, आणि दही सेट होतं म्हणजे लागतं! 'सेट ऑफ' म्हटलं की निघायचं, फटाक्याला लावलं की उडवायचं. भूतकाळातही पुन्हा सेटच. ऑक्सफर्डच्या १९८९च्या कोशात सगळ्यात लांब नोंद याचीच होती म्हणे, मग तिला काय बोलायचं?

अर्थांची यादी पाठ करून घेणं मला पटत नाही. वाक्यांतून, मराठीत समजावणारं एखादं पुस्तक आहे का? बेळगावात गणपत गल्लीच्या आसपास मिळेल काय? शिक्षक मंडळी, तुम्ही वर्गात कुठल्या अर्थापासून सुरुवात करता, सांगा की.